कचरा न्यायचा कुठं?

धूर इतका होता की समोर बसलेल्या बायकांचे चेहरे मला नीट दिसत नव्हते. नाकाला पदर लावून त्या बसल्या होत्या, आणि मी रिक्षाच्या टपावर बांधलेल्या कर्ण्यातून येणारा माझाच आवाज ऐकत बोलत होते. मध्येच मला खोकल्याची उबळ आली. कुलथे सरांनी पाण्याची बाटली पुढं केली. दोन घोट घेतले आणि पुन्हा माइक तोंडाजवळ धरला.

"हा डेपो मी बंद करणार! निवडून आले तर पहिल्या सभेत पहिला ठराव ह्याचाच!"

टाळ्या पडल्या. फार नाही, पण पडल्या.

खाणवस्ती म्हणजे आमच्या धामणपूरचं पश्चिमेचं टोक. पूर्वी तिथं दगडाच्या खाणी होत्या. खाणी संपल्या, पण दगड फोडायला आलेली माणसं तिथंच राहिली. रिकाम्या झालेल्या खाणीत नगरपालिकेनं गावाचा कचरा टाकायला सुरुवात केली. खाण भरली, कचरा वर चढत गेला, त्याची टेकडी झाली. पावसाळा सोडला तर ती टेकडी कधीही आतून पेटायची आणि आठवडेच्या आठवडे धुमसत राहायची. मी नगराध्यक्षपदाला उभी राहिले त्या वर्षी ती ऐन प्रचारात पेटली होती. सर म्हणाले होते, "मॅडम, खाणवस्तीची सभा आत्ताच घ्या. धूर आहे तोवर."

"मॅडम, एक विचारू का?"

मागच्या रांगेतून एक बाई कडेवरच्या पोरीला सावरत उठली आणि रिक्षाजवळ आली. आवाज ओळखीचा वाटला. तिनं तोंडावरचा पदर खाली केला तेव्हा ओळख पटली. कांता धोत्रे. मी शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ बांधायला घेतला त्या पहिल्या वर्षातली माझी खेळाडू. तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी मला पुढं कधी मिळाली नाही. नववीत लग्न ठरलं. मी तिच्या बापाच्या विनवण्या करायला ह्याच वस्तीत आले होते आणि हात हलवत परत गेले होते.

"विचार की, कांता."

"डेपो बंद करणार म्हणता. मग कचरा न्यायचा कुठं?"

"शास्त्रीय पद्धतीनं त्याची विल्हेवाट लावायची. ओला वेगळा, सुका वेगळा..."

"ते झालं हो. पण गाडी जाणार कुठं? गाव काय कचरा करायचं बंद होणार नाही."

बायका हसल्या. मीही हसले, पण माझं हसू उशिरा आलं.

"जागा बघतोय आम्ही," मी म्हणाले.

"बघा, बघा," ती म्हणाली आणि तिथंच माझ्यासमोर खाली बसली. मांडीवरची पोर तीन-चार वर्षांची होती. आईच्या खांद्यावर डोकं टाकून पोर श्वास घ्यायची तेव्हा तिच्या गळ्याशी खळगा पडायचा. माझं उरलेलं भाषण मी त्या खळग्याकडं बघत संपवलं. काय बोलले ते मला आजही आठवत नाही.

परत येताना रिक्षात मी सरांना विचारलं, "सर, खरंच जागा आहे का कुठं?"

कुलथे सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. आमच्या शिक्षक कॉलनीत त्यांच्या शब्दाला किंमत होती. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "आहे. गावाच्या विकास आराखड्यात आहे आरक्षण. बरीच वर्षं झाली."

"कुठं?"

"निवडणूक होऊन जाऊ द्या. मग निवांत बोलू."

मी का उभी राहिले, ते इथं सांगायला हवं. मला राजकारणाची हौस नव्हती. शाळेत खेळाची शिक्षिका होते. नगरपालिकेच्या मैदानावर माझ्या मुली सराव करायच्या. एक दिवस मैदानाला पत्र्याचं कुंपण पडलं, कारण पालिकेनं ठराव करून ते लग्नाच्या लॉनसाठी एका ठेकेदाराला दिलं होतं. मी जाब विचारायला पालिकेच्या सभेला गेले, तर शिपायानं बाहेरच्या बाकावर बसवलं. सभा संपली, सगळे चहा पिऊन निघून गेले, आणि मी बाकावरच. त्या दिवशी घरी येऊन मी म्हणाले होते, "ह्या गावात सभा दार लावून का घेतात? दार उघडं ठेवून एकदा घेऊन दाखवा म्हणावं." कॉलनीत ते बोलणं पसरलं. कुलथे सर घरी आले. नागरिक मंच निघाला. पालिकेची प्रत्येक सभा लोकांसमोर होईल, प्रत्येक ठेका चौकात वाचून दाखवला जाईल, एवढंच आमचं म्हणणं होतं. चिन्ह मिळालं कपबशी. ज्या कुठल्या मुलीला मी खेळवलं होतं तिची आई, मावशी, सासू, कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत निघायची. पंधरा दिवसांत लोक उघड बोलायला लागले की ह्या वेळी तरटे पडतो.

भाऊसाहेब तरटे म्हणजे चालू नगराध्यक्ष. कधी ते स्वतः, कधी त्यांची पत्नी, कधी भाऊ. आरक्षण जसं पडेल तसं घरातलं माणूस बदलायचं, खुर्ची तीच.

खाणवस्तीच्या सभेनंतर दोन दिवसांनी एका लग्नात त्यांची गाठ पडली. लग्न नेमकं त्याच लॉनवर होतं, जिथं माझ्या मुली खेळायच्या. प्रचाराच्या दिवसांत दोन्हीकडच्या उमेदवारांना सगळी लग्नं करावी लागतात. अक्षता पडल्या, आणि तरटे हातात जिलबीची ताटली घेऊन सरळ माझ्याकडं आले.

"मॅडम, घ्या. गरम आहे."

"नको, भाऊसाहेब."

"अहो, जिलबी माझी नाही, वधूपित्याची आहे." ते मोकळं हसले. माणूस गोड होता, हे मला मान्य करावं लागेल. "धुराबद्दल चांगलं बोलता तुम्ही. लोकांना पटतंय. पण एक सांगू? जागेबद्दल बोलू नका."

"का बरं?"

"मी कधी बोललोय? माझ्या आधीचे कधी बोलले? ज्या दिवशी जागेचं नाव घ्याल त्या दिवशी पडाल. तुम्ही माझ्याविरुद्ध उभ्या आहात, तरी सांगतो. पडायचंच असेल तर माझ्या कामामुळं पडा, कचऱ्यामुळं नको."

"जागा कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांची जिलबी हातातच राहिली. मला खरंच माहीत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"तुमच्या स्वयंपाकघराच्या मागं," ते म्हणाले. "तुमच्या कॉलनीच्या भिंतीला लागून जो माळ आहे ना, पालिकेचा, तोच. मी एकदा काम काढलं होतं तिथं. दुसऱ्या दिवशी तुमच्या कॉलनीचा मोर्चा माझ्या दारात. सगळ्यात पुढं कुलथे सर. तुम्ही नव्हता, मुलींना घेऊन स्पर्धेला गेला होता बहुतेक." मग जरा थांबून म्हणाले, "मुकुंदराव होते मात्र."

मुकुंद म्हणजे माझे यजमान.

लग्नातून मी जेवण न करता निघाले. मुकुंदांचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे. मी गेले तेव्हा ते काउंटरवर वाकून एका फ्रेमचा स्क्रू बसवत होते. गिऱ्हाईक नव्हतं.

"अहो, मागच्या माळाचं तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "कोण बोललं?"

"तरटे."

"हं." स्क्रू बसला. त्यांनी फ्रेम उघडून मिटून बघितली. "होतो मी मोर्चात. माईची धाप तेव्हा इतकी वाढली होती की तिला उशा लावून बसवून झोपवत होतो आपण. आठवतं ना? त्यात दाराशी कचरा आणणार म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं?"

माई म्हणजे माझ्या सासूबाई.

"मला सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? काम थांबलं. विषय संपला."

"तिकडं नाही संपला," मी म्हणाले. "कांताच्या पोरीला मी बघितलं."

"मग? तू बोलणार आहेस?"

"माहीत नाही."

त्यांनी काचेवरची धूळ पुसली. "बोलू नकोस, असं मी म्हणणार नाही. तुझी निवडणूक आहे. पण मला ते मान्य नाही, हे आजच सांगून ठेवतो. उद्या म्हणू नकोस की आधी बोलला नाहीत."

पुढचे दिवस मला कशातच चैन पडेना. सकाळी प्रचाराला निघायचे, दारोदार हात जोडायचे, आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी विचारायचं, "मॅडम, धुराचं तेवढं बघा हो." मी "बघते" म्हणायचे, आणि तो शब्द तोंडातून निघाला की मला माझीच चीड यायची. पूर्वी हा शब्द मी तरट्यांच्या तोंडून ऐकला होता. अगदी ह्याच आवाजात.

एका सकाळी प्रचार सोडून मी मागच्या भिंतीच्या खिंडारातून माळावर गेले. इतकी वर्षं त्या घरात राहून मी कधी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. बाभळी, दगड, चरायला सोडलेली दोन म्हसरं. पालिकेची एक गंजलेली पाटी होती, तिच्यावरचं काही वाचता येत नव्हतं. मी मधोमध उभी राहून वळले, तर आमचं स्वयंपाकघर दिसलं. खिडकीत माई भाजी निवडत होत्या. त्यांनी मला पाहिलं.

"उन्हात काय करतेस गं तिथं?"

"काही नाही, माई. जागा बघतेय."

"कशाला? घर बांधायचंय का?"

परत येताना पायात काटा मोडला. तो काढत बसले असताना कुलथे सर अंगणात आले, हातात त्या संध्याकाळच्या सभेचं पत्रक घेऊन.

प्रचाराची ती शेवटची सभा होती, आमच्याच कॉलनीत, दत्तमंदिरासमोर.

"सर, जागेचं बोलायचं का आज?"

ते खुर्चीत बसले. "मॅडम, आपण जिंकतोय."

"म्हणूनच विचारतेय."

"जिंका. खुर्चीत बसा. मग सगळ्यांना बोलावून, समजावून, तज्ज्ञ आणून हा विषय काढू. आजच्या प्रकल्पांना वास येत नाही म्हणतात."

"म्हणतात. तुमचा विश्वास आहे?"

"मॅडम, आधी निवडून तर या."

"आणि निवडून आल्यावर मी हा विषय काढला, तर तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहाल?"

कुलथे सर खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. ते उत्तर देऊ शकले असते, आणि मी विश्वासही ठेवला असता. पण ते पत्रकाची घडी घालत बसले. घडी घालून झाल्यावर म्हणाले, "सहाला सभा आहे. वेळेवर या."

सभेला सगळी कॉलनी आली होती. पहिल्या रांगेत माई खुर्चीवर, मांडीवर शाल. मुकुंद मागं मंदिराच्या पायऱ्यांपाशी उभे. सरांनी माझी ओळख करून दिली. ज्यांनी मला वीस वर्षं रोज बघितलं होतं त्यांनाच. हशा पिकला. मी उभी राहिले. सुरुवातीला रोजचंच बोलले. उघड्या दाराच्या सभा, ठेके, मैदान. टाळ्या चांगल्या पडत होत्या. आणि मग एका वाक्याच्या शेवटी मी थांबले, आणि पुढचं वाक्य आपोआप वेगळंच आलं.

"खाणवस्तीचा कचरा डेपो मी बंद करणार आहे, हे तुम्ही ऐकलंय. तो कुठं न्यायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते. त्याची जागा आपल्या मागच्या माळावर आहे. ती आजची नाही, फार पूर्वी ठरलेली आहे. मी निवडून आले तर प्रकल्प तिथं होईल. नीट होईल, बंदिस्त होईल, मी रोज उभी राहून बघेन. पण तिथंच होईल."

मंदिराजवळ एका पोराच्या हातातून खुर्ची पडली, तेवढाच आवाज.

मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, दुसरी जागा बघता येईल ना?"

"येईल," मी म्हणाले. "तुम्ही सांगा कुठं. ज्यांच्या दारात न्यायचा, त्यांच्या दारात जाऊन आपण दोघं त्यांना सांगू."

सर उठले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. "मॅडम दिवसभर फिरून थकल्यात. हा विषय चर्चेचा आहे, आज त्यावर..."

"सर, मी थकलेली नाही." मी माइक परत घेतला. खेचूनच घेतला म्हणा. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या माणसानं भर बाजारात ओळख न दाखवावी, तसं काहीतरी.

"आम्ही कर्ज काढून इथं घरं बांधली!" कुणीतरी ओरडलं.

"मीही इथंच राहते," मी म्हणाले. "माझ्या भिंतीला लागून आहे ती जागा. माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांना दमा आहे. सगळं माहीत असून बोलतेय."

लोक उठू लागले. एकेक रांग मोकळी होत गेली. मी बोलतच राहिले, कारण थांबले असते तर मला तिथं उभं राहता आलं नसतं. शेवटी समोर माई, थोडी पोरं आणि मांडववाला एवढेच उरले. मुकुंद पायऱ्यांपाशी नव्हते. ते माईंना हात द्यायला पुढं आलेले दिसले.

घरी मुकुंदांनी पानं वाढली. माझ्या पानात भाजी वाढताना ते म्हणाले, "मत तुलाच देणार आहे. पण जागेचं मला मान्य नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले.

माई म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंस तर दुसरी साडी नेसून आले असते. सगळे माझ्याकडं बघत होते."

मी पडले. दणकून पडले. आमच्या कॉलनीत माझी मतं दिसेनाशी झाली, ह्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. पण खाणवस्तीतली पेटीही तरट्यांच्या बाजूनं उघडली, तेव्हा मोजणीच्या खोलीत मी तो आकडा पुन्हा वाचायला लावला. कुलथे सर तिथं नव्हते. नागरिक मंचाची पाटी कुणी आणि कधी काढली, मला कळलं नाही.

आठवड्याभरानं कांता शाळेच्या फाटकाशी आली. पोर कडेवर होती. मी मुलींचा सराव थांबवून तिच्याकडं गेले.

"मॅडम, मी दिलं तुम्हाला मत," ती म्हणाली. "शप्पथ. वस्तीनं नाही दिलं."

"का गं? मी तर सांगितलं ना जागा कुठं ते."

"सांगितलंत म्हणूनच." ती पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन म्हणाली, "आमच्यात बोलणं झालं. स्वतःच्या दारात उकिरडा आणते म्हणणारी बाई एक तर वेडी असणार, नाहीतर लबाड. दोन्हीला मत कसं द्यायचं? आणि पहिल्या सभेत विचारलं तेव्हा तुम्ही बोलला नव्हता. बायका म्हणाल्या, आधी नव्हती जागा, मग कुठून आली?"

"तुला काय वाटलं?"

"मला तुमचा स्वभाव माहीत आहे," ती म्हणाली. "बापाच्या पाया पडायला आला होता तुम्ही. वेडंच म्हणायचं ते."

तिला हसू आलं आणि मग मलाही. पण ती गेल्यावर मुलींनी मला दोनदा हाक मारली तरी माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात टेकडी अशी पेटली की वारा फिरून धूर बाजारपेठेत उतरला. दुकानं बंद राहिली. बातम्या आल्या, वरून आदेश आला की डेपो हलवा. भाऊसाहेब तरट्यांनी पत्रकार बोलावून सांगितलं, "जागेबद्दल वाद नाही. शिक्षक कॉलनीतल्या बोराटे मॅडमनी ती जागा स्वतः जाहीर सभेत मान्य केलेली आहे." माझं नाव पुढं करून त्यांनी ते केलं जे आपल्या नावावर त्यांना कधी करता आलं नव्हतं. माळावर भिंत उठली, शेड पडली, खताचे हौद बांधले. कॉलनी कोर्टात गेली आणि हरली. मी कामावर जाऊन उभी राहायचे. ठेकेदाराला नाली खोल करायला लावली, झाडांची दुहेरी रांग लावून घेतली. कॉलनीतल्या बायका मला बघून रस्ता बदलायच्या.

आज फाटकावरच्या संगमरवरी पाटीवर तरट्यांचं नाव आहे. पश्चिमेचा वारा असला की आमच्याकडं वास येतो. पालिकेवाले म्हणाले होते त्यापेक्षा जास्त, कॉलनीवाले भ्याले होते त्यापेक्षा कमी. खाणवस्तीची टेकडी विझली. कांताची पोर आता माझ्यानंतर आलेल्या बाईंकडं खेळते. पालिकेच्या सभा अजून दार लावूनच होतात.

पण मला राहून राहून आठवते ती पहिली गाडी आली ती सकाळ.

माळाकडं जाणारा रस्ता आमच्या कॉलनीतून, आमच्या घरावरूनच जातो. मी दार उघडलं तर रस्त्यावर सतरंज्या पडल्या होत्या आणि सगळी कॉलनी त्यांवर बसली होती. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी थांबली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला असावा, तो पायरीवर उभा राहून माणसं मोजल्यासारखा बघत होता. मागं एका जीपमध्ये पालिकेचे दोन साहेब होते. पोलीस अजून आले नव्हते. लोकांच्या नजरा आमच्या दाराकडं होत्या.

"मॅडम, या," कुलथे सर पुढच्या सतरंजीवरून म्हणाले. त्या शेवटच्या सभेनंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. आवाजात कडवटपणा नव्हता. "इथं बसा. अजून वेळ गेलेली नाही."

मी चपला घातल्या. त्यांच्या शेजारून गेले, पण बसले नाही. कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "माझ्या मागून या. हळू या."

"बाई, लोक बसलेत."

"दिसतंय मला."

मी वळून चालायला लागले. मागं इंजिन घुरघुरलं. मान वळवायची मला हिंमत झाली नाही. पुढच्या सतरंजीवरच्या बायका आधी हलल्या. कुणी शिवी दिली, कुणी नुसतीच पदर सावरून बाजूला झाली. सरांनी हात जोडल्यासारखं केलं आणि मान खाली घातली, पण जागचे उठले नाहीत. त्यांच्या शेजारी मुकुंद बसले होते.

सकाळी अंथरूण रिकामं दिसलं तेव्हा ते दूध आणायला गेले असतील, असं मला वाटलं होतं.

मी त्यांच्यासमोर थांबले. गाडीही थांबली.

"हेमा, घरी जा," ते म्हणाले.

"जाते. गाडी आत गेली की जाते."

"माईला काही झालं तर?"

"तर आपण आहोत ना. समोर दवाखाना आहे, दारात रिक्षा येते. तिकडं काय आहे?"

मला वाटलं, आता ते मोठ्यानं बोलतील. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी बोलले नव्हते. इंजिनाचा धूर आमच्या दोघांमध्ये येत होता. मग त्यांनी एक हात जमिनीला टेकला, गुडघ्यावर दुसरा ठेवला, आणि उठले. पँट झटकली.

"मुकुंदराव!" मागून कुणीतरी हाक दिली.

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. ते माझ्या बाजूलाही आले नाहीत. माझ्या अंगावरून जाऊन त्यांनी आमचं फाटक उघडलं आणि घरात गेले. सर थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत बसले, आणि मग तेही उठले. रस्ता मोकळा झाला.

गाडी माळाच्या फाटकातून आत गेली. मागं वळले तेव्हा आमच्या घरातून खिडक्या लावल्याचे आवाज येत होते. आधी माईंच्या खोलीची, मग पुढची, मग जिन्यातली. स्वयंपाकघराची तेवढी उघडी राहिली होती. ती मी घरात जाऊन लावली.